रेल्वेमुळे अमेरिकेचा बाजार नेमका कसा बदलला?

अभ्यासिकेतला (सदाशिव पेठ): एमए अर्थशास्त्राला अमेरिकेचा औद्योगिक काळ आहे. नोट्समध्ये ‘रेल्वेमुळे राष्ट्रीय बाजारपेठ निर्माण झाली’ एवढ्यावर बोळवण केलीय. निर्माण झाली म्हणजे काय झालं? उद्या प्रेझेंटेशन आहे आणि सर नेमकं हेच विचारणार.

रुळावरचा: आकडे घे. १८६० ला साधारण ३०,००० मैल रूळ, १९०० ला १,९०,००० च्या वर. १० मे १८६९ ला युटातल्या प्रॉमन्टरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. सरकारनं कंपन्यांना मैलामागे जमीन दिली. रुळांच्या मागणीवर पोलाद कारखाने वाढले.

भुसारवाला: या आकड्यांनी मार्क मिळतील, बाजार कळणार नाही. मी मार्केट यार्डात भुसारात आहे, म्हणून गव्हाचं सांगतो.

आमच्याकडे पोत्यात सळई खुपसतात, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतात, मग भाव बोलतात. माल कुणाचा, कुठल्या गावचा, हे हिशेबपट्टी होईपर्यंत पोत्याबरोबर चालतं. रेल्वे येण्याआधी शिकागोचा व्यवहारही पोत्यांचाच होता आणि पोतं विकेपर्यंत मालक माल पाठवणाराच, म्हणजे शेतकरी किंवा गावचा दुकानदार. आगगाडीला हे परवडेना, वाघिणी अडकून पडायला लागल्या. मग पोती गेली. सुटा गहू वाघिणीतून यायचा आणि वाफेवर फिरणाऱ्या बादल्या तो उंच कोठारात चढवायच्या. आता एकाच कोठारात दहाजणांचा गहू मिसळला, तर माझा कुठला? म्हणून शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडनं, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं, १८५६ पासून गव्हाच्या प्रती ठरवायला घेतल्या. हातात उरली ती फक्त पावती, अमुक प्रतीचा इतका गहू. ती विकता येई, तारण ठेवता येई. पुढे तर शेतात उभ्या असलेल्या गव्हाचेही सौदे व्हायला लागले, आणि १८६५ ला बोर्डानं त्यांचे नियम केले. वायदेबाजार तो हाच.

यात लबाडी आलीच. कोठारवाले आणि रेल्वे कंपन्या एकमेकांना सामील. प्रत एक पायरी खाली लावायची, भाडं मनाला येईल ते. जिथे दोन कंपन्या भिडत तिथे लांबचं भाडं स्वस्त, मधल्या एकाच कंपनीच्या स्टेशनावर जवळचंच महाग. समज, दौंडहून मुंबईपेक्षा लोणावळ्याला जास्त! शेतकरी ग्रेंज संघटनेत एकवटले. शिकागो ज्या राज्यात येतं त्या इलिनॉयनं कोठारांच्या दरावर मर्यादा घातली आणि १८७७ ला ‘मन विरुद्ध इलिनॉय’ खटल्यात (मन हा शिकागोचा कोठारवाला) सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. लांब-जवळच्या भाड्याला चाप लावणारा आंतरराज्य वाणिज्य कायदा १८८७ चा. सुरुवातीला त्याला दात कमीच होते.

कालवेप्रेमी: काका, रेल्वेचं कौतुक जरा जास्त होतंय. रॉबर्ट फोगेल या अर्थतज्ज्ञानं १८९० चा हिशेब मांडला होता. रेल्वे नसती तर कालवे आणि नद्यांवर भागलं असतं, राष्ट्रीय उत्पन्नात फार मोठा खड्डा पडला नसता. पुढे १९९३ चं नोबेल मिळालं त्याला.

भुसारवाला: निम्मं मान्य. इरी कालव्याच्या टोकाला असलेल्या बफेलोचं वाफेवरचं कोठार १८४२ चं, आणि तिथे माल बोटीनंच यायचा. म्हणजे यंत्र आधी कालव्याच्या धंद्यात आलं. हिवाळ्यात इरी कालवा गोठायचा, त्या साठवणुकीचा खर्चही फोगेलनं धरलाय. पण पश्चिम नेब्रास्का-कॅन्ससमध्ये नाव चालण्याइतकं पाणी कुठून आणायचं? बैलगाडीनं शंभर मैल गहू वाहायचा, तर भाव गाडीभाड्यातच गेला. रूळ आल्याशिवाय तिथे कुणी विकायला पेरलंच नसतं.

अभ्यासिकेतला: काका, प्रेझेंटेशन पावतीपासूनच सुरू करतो. प्रती ठरवल्यावर तपासणारा कोण होता, कोठारवाल्याचाच माणूस?

भुसारवाला: बोर्डाचे तपासनीस होते, पण तेही कोठारवाल्यांना सामील अशी बोंब झाली. इलिनॉयच्या १८७१ च्या कायद्यानं राज्याचे तपासनीस आणले.