मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांना डीएमएसओ लावू द्यावं का?

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आईचं वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेत, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात पण ती अजिबात तयार नाही. शुगर आहे, आणि स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. गणपतीला ओहायोहून मावसभाऊ आला होता, त्याने डीएमएसओची, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइडची बाटली आणून दिली, वर ९९.९ टक्के शुद्ध असं लिहिलंय. तिकडे लोक सर्रास लावतात, घोड्यांच्या सुजेवर तर जनावरांचे डॉक्टरच वापरतात म्हणाला. त्याची माया खरी आहे, त्याबद्दल काही म्हणायचंच नाही.

आईने कापसाच्या बोळ्याने लावलं. आधी गरम वाटलं, मग खाज आणि लाल चट्टा, तो थोड्या वेळात गेला. पण मी घाबरले ते वेगळ्याच गोष्टीने. तिचा चातुर्मास चालू आहे, घरात लसणाची पाकळीसुद्धा नाही, आणि रात्री गोळ्या द्यायला जवळ गेले तर तोंडाला लसणाचा भपकारा. लावलं गुडघ्याला आणि वास श्वासाला! मग वाचायला बसले तेव्हा कळलं की याचा काही भाग शरीरात डायमिथाइल सल्फाइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणजे कातडीतून थेट रक्तात जातंय.

वाचून डोकं जास्तच गरगरलं. हे मूळचं सॉल्व्हंट, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारं द्रव, कागदाच्या लगद्याच्या धंद्यातून निघणारं. अमेरिकेत ओरेगनच्या डॉ. स्टॅनली जेकब यांनी साठच्या दशकात ते औषध म्हणून पुढे आणलं, मग प्राण्यांच्या डोळ्यांच्या भिंगात बदल दिसले म्हणून १९६५ ला एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या, आणि १९७८ ला परत त्याच एफडीएने ५० टक्क्यांचं द्रावण मंजूर केलं, पण ते मूत्राशयाच्या एका दुखण्यासाठी आणि नळीने आत सोडायला. मग एकदम वाईट म्हणावं तर तसंही नाही, आणि चांगलं म्हणावं तर गुडघ्याचं काय?

माझी मुख्य काळजी ही की आई गुडघ्याला निर्गुडीचं तेल चोळते, वरून बाम लावते. ते सगळं याच्याबरोबर आत जात असेल का? आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय? कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा, तिला थोडा आराम वाटतोय म्हणते म्हणून नुसतं "नको" म्हटलेलं ती ऐकणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करतो, हे रोज हाताळतो. पेशी गोठवून ठेवायला साधारण १० टक्के घालतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटत नाहीत, तिथे हे सोन्यासारखं आहे. पण हातमोज्यावर सांडलं की मोजे लगेच बदलायचे हा आमचा नियम, कारण ते आरपार जातं आणि स्वतःबरोबर दुसरी केमिकल्सही आत घेऊन जातं. तुमची शंका बरोबर आहे, तेल, बाम, साबणाचा अंश, जे कातडीवर असेल त्यातलं काही ना काही आत जाऊ शकतं. आणि लॅबच्या किंवा कारखान्याच्या ग्रेडची बाटली माणसाच्या अंगावर लावायला बनवलेलीच नसते, टक्के कितीही लिहिलेले असोत.

गुडघ्याचं म्हणाल तर २००९ ला अमेरिकेत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं एक लावायचं औषध मंजूर झालं, त्यात ४५.५ टक्के डीएमएसओ आहे. पण त्यात दुखणं कमी करतं ते डायक्लोफिनॅक. त्याच्या एका ट्रायलमध्ये नुसतं डीएमएसओवालं द्रावण लावलेल्या लोकांना प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या द्रावणापेक्षा, जास्त गुण आला नव्हता. काकूंना हे सांगून बघा, हे पटण्यासारखं आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा परिणाम याने वाढू शकतो, त्यामुळे काकूंच्या बाबतीत मी तरी थांबवाच म्हणेन. हिरड्यांतून रक्त, अंगावर उगाच निळे डाग किंवा काळी शी असं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा. हार्टच्या डॉक्टरांना लेबलचा फोटो दाखवा, लपवू नका. डायक्लोफिनॅकचं जेलसुद्धा त्यांना विचारूनच.

धागाकर्ती

खूप आभार दादा. बाटली उचलून ठेवली. ट्रायलचं आईला सांगितलं, ती गप्प बसली, मग म्हणाली की पण काहीतरी करायलाच हवं ना गं, जिना चढवत नाही. ते खरंच आहे. उद्या डॉक्टरांना फोन करतेच. सांगली-मिरजेत घरी येऊन गुडघ्याचे व्यायाम शिकवणारे चांगले फिजिओ कोणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, म्हाताऱ्या माणसाशी धीराने बोलणारे हवेत.