माऊस वापरायला लॉगिन मागतो आहे, वडिलांसाठी मार्ग हवा आहे (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, पण सगळे सांगितल्याशिवाय अडचण नीट कळणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पंचवटीत राहतात. वय ७४. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे-चालणे बरेच सुधारले, डावा हात मात्र परत आला नाही. उजव्या हाताने ते रोज सकाळी दोन तास लॅपटॉपवर लिहितात. गोदेच्या पुरांच्या आठवणी लिहायला घेतल्या आहेत. १९६९चा पूर त्यांनी कॉलेजात असताना पाहिला, मग २००८, २०१६, २०१९. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की गल्लीत कोण काय उचलायला धावायचे, कोणत्या घाटाच्या किती पायऱ्या उरल्या, असे सगळे. डॉक्टरांच्या औषधाइतकाच या लिखाणाने त्यांना उभे केले आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एका हाताने कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करणे त्यांना जमत नाही, बोटे तेवढी ताणली जात नाहीत. म्हणून दीड वर्षापूर्वी अंगठ्याखाली बारा बटणे असलेला गेमिंग माऊस आणला. एका बटणावर कॉपी, एकावर पेस्ट, एकावर अनडू, एकावर सेव्ह. एक बटण खास ‘ऱ्’साठी, कारण पायऱ्या, किनाऱ्यावर, वाऱ्याने हे शब्द त्यांच्या पानापानावर येतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये त्यासाठी शिफ्ट-जे, मग हलन्त, मग य अशी कसरत करावी लागते. बटणे कशाला काय, हे अण्णांच्या अंगठ्याला पाठ झाले होते.

हे सगळे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून केलेले, आणि त्या सॉफ्टवेअरला ऑनलाईन खाते लागते. दुकानातल्या मुलाने ते स्वतःच्या ईमेलवर उघडून दिले. मुलगा चांगला होता, घरी येऊन तासभर बसून सगळे लावून दिले. मागच्या महिन्यात सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झाले आणि पुन्हा लॉगिन मागू लागले. ओटीपी त्या मुलाच्या ईमेलवर जातो. तो नोकरी सोडून गेला आहे, फोन लागत नाही.

मी माझ्या नावाने नवीन खाते उघडून बटणे परत लावली. अकरा दिवस चालले. मग वादळी पावसाच्या दिवशी वीज गेली, इंटरनेट गेले. वीज आल्यावर लॅपटॉप सुरू केला तर सॉफ्टवेअर लॉगिनच्या पानावरच अडून बसले. खाते नसले की बारा बटणे नुसते आकडे टाईप करतात. अण्णांनी एक परिच्छेद निवडला, कॉपीचे बटण दाबले, आणि परिच्छेदाच्या जागी नुसता ३ उरला. घाबरून अनडूचे बटण दाबले तर ५ आला. मी अंबडला ड्युटीवर. फोनवर त्यांचा आवाज ऐकून मला काही सुचेना. परिच्छेद नंतर वर्डच्या आपोआप जतन झालेल्या प्रतीतून मिळाला, पण त्यानंतर चार दिवस त्यांनी लॅपटॉप उघडला नाही.

मला विचारायचे आहे ते असे. खात्याशिवाय, इंटरनेटशिवाय ही बटणे चालवायचा काही मार्ग आहे का? माऊस बदलावा लागला तर बदलेन, पण अंगठ्याची सवय मोडेल म्हणून शक्यतो हाच हवा आहे. आणि रोख पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी जन्मतारीख आणि मोबाईल नंबर मागणे कायद्यात बसते का?

सातपूरकर

ताई, आधी अण्णांना सांगा की माऊस बिघडलेला नाही आणि त्यांच्या हातून काही चुकलेले नाही.

कोणताही यूएसबी माऊस किंवा कीबोर्ड एचआयडी नावाच्या ठरलेल्या पद्धतीने कॉम्प्युटरशी बोलतो. आज वापरात असलेली तिची १.११ ही आवृत्ती २००१ची आहे. म्हणूनच नवा माऊस लावला की काही न टाकता लगेच चालतो. तुमचा माऊस ‘मी कीबोर्डसुद्धा आहे’ असे विंडोजला सांगतो आणि अंगठ्याच्या बटणांवर आकडे पाठवतो. आकड्याची कॉपी करायचे काम ते सॉफ्टवेअर करते. म्हणजे आपल्याला फक्त मधला दुभाषी बदलायचा आहे. बिनखात्याचे दुभाषी बरेच आहेत.

दोन गोष्टी बघून सांगा. माऊस उलटा करा. पोटाखाली छोटी सरकणारी पट्टी आहे का? काही बारा बटणी माऊसना असते, एका बाजूला साधे आकडे, दुसऱ्या बाजूला नमपॅडचे, म्हणजे मोठ्या कीबोर्डच्या उजवीकडे असलेल्या आकड्यांच्या वेगळ्या गटाचे. आणि लॅपटॉपच्या कीबोर्डला उजवीकडे वेगळा नमपॅड आहे का?

कळफलक

आणखी एक शक्यता. बऱ्याच माऊसमध्ये स्वतःची छोटी मेमरी असते. बटणांची मांडणी एकदा तिच्यात लिहिली की माऊस कुठल्याही लॅपटॉपला लावा, तो तीच मांडणी घेऊन येतो. लिहिण्यासाठी लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण मोफत प्रणाली) पायपर नावाचे मोफत साधन आहे, त्याच्या मागे लिबरॅटबॅग काम करते. उबुंटू या लिनक्सचा पेनड्राइव्ह करून लॅपटॉप त्यावरून सुरू करा, पायपर टाका, बटणे लिहा, पेनड्राइव्ह काढा. विंडोजला हातही लागत नाही. फक्त आधी लिबरॅटबॅगच्या यादीत तुमचे मॉडेल आहे का ते बघून घ्या, सगळी नसतात.

शिफ्ट धरून ठेवायला त्रास होत असेल तर विंडोजमधले स्टिकी कीज चालू करा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबले की विचारते.

गोदाकाठची

दोघांचे मनापासून आभार. स्टिकी कीज आधीपासून वापरतात, फिजिओथेरपिस्ट ताईंनीच दाखवले होते. पायपरच्या यादीत आमचे मॉडेल नाही. माऊसच्या माहितीपत्रकात मेमरीचा उल्लेख आहे, पण ती दिव्यांच्या रंगासाठी आणि वेगासाठीच आहे असे दिसते.

पण पट्टी आहे! दीड वर्ष माऊस घरात आहे आणि मी तो कधी उलटा करून पाहिला नव्हता. लॅपटॉप चौदा इंची, नमपॅड नाही.

महामार्ग_३

एवढा त्रास कशाला घेता? काकांच्या नावाने एक खाते उघडा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विषय संपला. खात्यात सेटिंग साठवलेली असते, लॅपटॉप बदलला तरी परत मिळते. मला तर ती सोय वाटते.

गोदाकाठची

तुमचे म्हणणे समजते. ज्याला तीन कॉम्प्युटरवर तीच मांडणी हवी आहे त्याला खाते उपयोगाचे आहे, ते ठेवायला माझी काहीच हरकत नाही. पण अण्णांचा लॅपटॉप एकच, टेबल एकच. त्यांची मांडणी नाशिकच्या घरातून कुठल्या तरी सर्व्हरवर जाऊन परत त्याच टेबलावर येते, आणि वाट बंद झाली की हात बंद होतो. माझा जीव जळतो तो यासाठी. त्यांच्यासाठी तो माऊस दुसरा हात आहे.

आणि अण्णांचा स्वतःचा नकार आहे. नव्या खात्याचा फॉर्म मी वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, “मी बिल भरलं आहे. आता याला माझी जन्मतारीख कशाला हवी?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

कळफलक

अण्णा बरोबर आहेत. आणि ही सक्ती तांत्रिक गरज म्हणून येते असेही नाही. एनव्हिडियाने २०१६ मध्ये जीफोर्स एक्सपिरिअन्स या ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरला लॉगिन सक्तीचे केले होते. २०२४ मध्ये त्याच्या जागी एनव्हिडिया ॲप आणले, त्यात ड्रायव्हर अपडेट करायला लॉगिन लागत नाही. लोक वर्षानुवर्षे कटकट करत राहिले, तेव्हा कुठे. म्हणून कंपनीच्या अभिप्रायाच्या पानावर तुमची हीच हकीकत जशीच्या तशी लिहा.

सातपूरकर

पट्टी आहे म्हटल्यावर काम झालेच समजा. आता सावकाश करा.

पट्टी नमपॅडच्या बाजूला सरकवा आणि नमलॉक चालू ठेवा. आता बटणे नमपॅडचे आकडे पाठवतील. विंडोज वरच्या रांगेतला ३ आणि नमपॅडचा ३ वेगळे ओळखते. तुमच्या लॅपटॉपला नमपॅड नाहीच, म्हणजे नमपॅडचा ३ आला तर तो माऊसकडूनच आला. त्यामुळे कीबोर्डवरचे खरे आकडे अण्णांना लिहिता येतीलच. पुरांची सालं लिहायची आहेत ना!

मग पॉवरटॉईज टाका. मायक्रोसॉफ्टचेच आहे, मोफत आहे, २०१९ पासून खुल्या स्रोताचे आहे, खाते मागत नाही. त्यात कीबोर्ड मॅनेजर आहे. ‘रीमॅप अ की’मध्ये जाऊन नमपॅड ३ला कंट्रोल-सी, नमपॅड ५ला कंट्रोल-झेड, असे एकेक लावा. की निवडताना यादीत शोधत बसू नका, तिथे विचारले की माऊसचे बटणच दाबा. ‘ऱ्’साठी शॉर्टकटऐवजी मजकूर पाठवायचा पर्याय घ्या. ऱ आणि हलन्त दोन्ही एकत्र तिथे पेस्ट करा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पॉवरटॉईज विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल असे ठेवा, ते बंद असेल तर परत आकडे येतील. लॉक स्क्रीनवर ही मांडणी चालत नाही, तिथे आकडेच उमटतात, म्हणून अण्णांचा पासवर्ड माऊसच्या बटणांनी टाकायला जाऊ नका. आणि कंपनीचे सॉफ्टवेअर काढून टाका, दोन दुभाषी एकाच वेळी बोलले तर गोंधळ होतो. काढल्यावर विंडोज ते पुन्हा आणू बघेल. त्यासाठी ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’ शोधा, तिथे उत्पादकांची ॲप आपोआप उतरवू का असे विचारलेले असते, ‘नाही’ करा.

काळाकोट_मेनरोड

कायद्याचे सांगतो, मी ग्राहक प्रकरणे बघतो.

वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३चा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे, सांगितलेल्या कामासाठी जेवढी माहिती आवश्यक तेवढ्यापुरतीच संमती धरली जाते. कायद्यातच उदाहरण दिले आहे: टेलिमेडिसिनच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि माणसाने हो म्हटले, तरी त्या यादीपुरती संमती धरत नाहीत, कारण उपचाराला तिची गरज नाही. माऊसच्या बटणाला जन्मतारीख लागते का, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिने दिले आहेत. म्हणून आज लगेच या कायद्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आज हाताशी आहे. खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर ‘बटणे बदलण्यासाठी ऑनलाईन खाते आवश्यक’ असे लिहिले होते का, हे आधी पाहा. लिहिले नसेल तर माहिती दडवली हा मुद्दा होतो. खोका आणि बिल टाकू नका. दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५वर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा तिथेच मिटते. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, म्हणजे नाशिकलाच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षांची, तुम्ही दीड वर्ष म्हणता, तेव्हा फार रेंगाळू नका.

एक सल्ला वकील म्हणून नाही, तर मुलगा म्हणून. आधी माऊस चालू करा.

द्राक्षमळा_पिंपळगाव

माझ्या काकूच्या मनगटाला त्रास आहे, तिच्यासाठी मी सहा बटणांचा छोटा मॅक्रोपॅड, म्हणजे हवी ती कामे लावता येणाऱ्या बटणांचा वेगळा पॅड, घेतला. पुढेमागे कधी माऊस बदलायची वेळ आली तर या मार्गाचा विचार करा. घेताना एकच विचारायचे: व्हायावर चालतो का? व्हाया हे बटणे लावायचे साधन आहे, ते क्रोम किंवा एजमध्ये उघडते, खाते नाही, आणि मांडणी त्या पॅडच्या आतच लिहिली जाते. फायरफॉक्समध्ये मात्र जमत नाही.

गोदाकाठची

रविवारी केले. पॉवरटॉईज उतरवणे, जुने सॉफ्टवेअर काढणे आणि बारापैकी नऊ बटणे लावणे, सगळे मिळून पाऊण तास लागला. अण्णा शेजारी बसून कोणते बटण कशाला ते सांगत होते, अंगठा हवेत हलवून आठवत होते. मी जाणूनबुजून वायफाय बंद केले, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. सगळी बटणे जिथल्या तिथे.

पहिला शब्द त्यांनी ‘पायऱ्या’ लिहिला. मग म्हणाले, आता तू जा, मला २००८च्या पुरापासून पुढे लिहायचे आहे.

पॉवरटॉईजच्या सेटिंगमध्ये बॅकअप आहे, त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली आहे. खोका माळ्यावर सापडला. त्यावर खात्याबद्दल एक अक्षर नाही, फोटो काढून ठेवले आणि दुकानदाराला आजच लेखी दिले. उत्तर काय येते ते इथेच कळवेन.

एकच राहिले. अण्णा माऊस जोरात आपटतात, ती पट्टी परत सरकेल अशी मला धास्ती वाटते.

सातपूरकर

पट्टीवर सेलोटेपचा छोटा तुकडा लावा, पण सेन्सरच्या काचेवर येऊ देऊ नका. आणि कोणाच्या हातून टेप निघाली तर पट्टी कुठल्या बाजूला ठेवायची, ते मार्करने बाण काढून माऊसच्या पोटावरच लिहून ठेवा.