मदत हवी आहे: बीपीची गोळी चालू असताना शुक्राणूंची हालचाल कमी आली आहे, गोळी बदलावी का?

पायवाट७:
नमस्कार मंडळी. वय ३६. अटेनोलोल ५० मिग्रॅ आणि ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ अशी एकत्र गोळी सकाळी एक, बीपी १२८/८२ च्या आसपास असतं. मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्या. बायकोच्या सगळ्या ठीक आहेत. माझा वीर्याचा रिपोर्ट असा: प्रमाण १.८ मिली, शुक्राणू २२ मिलियन प्रति मिली, एकूण हालचाल ३६ टक्के, सरळ पुढे जाणारे २४ टक्के, नॉर्मल आकाराचे ३ टक्के. नेटवर वाचलं की बीपीच्या गोळ्यांनी असं होतं. महिनाभर गोळी बंद करून पाहू का?

खलबत्ता:
आधी हे वाचा: गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अटेनोलोल अचानक सोडलं तर नाडी धावते, बीपी उसळतं, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर छातीत दुखण्यापर्यंत गोष्ट जाते. अटेनोलोल ज्या गटात येतं तो बीटा ब्लॉकर चालू असताना शरीर आपले रिसेप्टर (ॲड्रेनलिन पकडणारे बिंदू) वाढवून ठेवतं. गोळी गेली की ते सगळे एकदम मोकळे होतात. म्हणून डॉक्टर डोस अर्धा करत साधारण एक-दोन आठवड्यांत उतरवतात. क्लोनिडिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीच्या बाबतीत तर याहून सांभाळावं लागतं.

शिवाय महिनाभराने काही कळणारही नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग एपिडिडायमिसमधून (वृषणामागची नळी, जिथे शुक्राणू पक्व होतात) बाहेर यायला आणखी काही दिवस. गोळी बदलल्याचा परिणाम पाहायचा तर तीन महिन्यांनी.

आता कोणती गोळी काय करते ते. बीपीच्या गोळ्यांचा बहुतेक त्रास शुक्राणूंना होत नाही, शरीरसंबंधांना होतो. अटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल, तसंच क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ताठरता आणि इच्छा कमी झाल्याच्या तक्रारी येतात. बीटा ब्लॉकरमध्ये नेबिवोलोल त्यातल्या त्यात बरं, कारण ते नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गाने रक्तवाहिन्या सैल करतं. पण यात मनाचाही वाटा मोठा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटेनोलोल घेणाऱ्यांपैकी ज्यांना औषधाचं नावच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ताठरतेची तक्रार ३ टक्क्यांच्या आसपास होती, आणि ज्यांना हा दुष्परिणाम आधी सांगितला त्यांच्यात ३१ टक्क्यांच्या. त्यामुळे माझं हे वाचून लगेच धास्ती घेऊ नका.

बीपीच्या गोळ्यांत थेट हार्मोनवर जाते ती स्पायरोनोलॅक्टोन. ती टेस्टोस्टेरॉनला अडवते, छाती सुजते, शुक्राणूंवरही परिणाम होऊ शकतो. ती चालू असेल तर डॉक्टरांना एप्लेरेनोन चालेल का विचारा. टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिन या प्रोस्टेटच्या गोळ्यांनी वीर्य फारच कमी येतं किंवा येतच नाही.

ॲम्लोडिपिनच्या गटाबद्दल: अंड्यात शिरताना शुक्राणूला कॅल्शियम लागतं, आणि हा गट कॅल्शियमची वाट अडवतो. निफेडिपिन घेणाऱ्या काही पुरुषांमध्ये रिपोर्ट बरा असूनही आयव्हीएफमध्ये अंडं फळलं नाही आणि गोळी बदलल्यावर फळलं, अशा नोंदी आहेत. पण तेवढ्यावरून सगळ्यांनी ॲम्लोडिपिन सोडावं एवढा पुरावा नाही.

स्लाइड_क्र_४:
मला रिपोर्ट वेगळाच दिसतोय. डब्ल्यूएचओच्या वीर्य तपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा: प्रमाण १.४ मिली, १६ मिलियन प्रति मिली, एकूण हालचाल ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे ३० टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. म्हणजे तुमची संख्या ठीक, कमी आहे ती हालचाल आणि आकार. १.८ × २२ × ०.२४ केलं तर सुमारे ९.५ मिलियन सरळ पळणारे शुक्राणू होतात. हा आकडा नुसत्या टक्क्यांपेक्षा जास्त कामाचा.

हालचाल कमी येण्याचं एक साधं कारण बहुतेक जण विचारातच घेत नाहीत: नमुना कसा दिला? घरून आणला का? किती वेळात पोचला? किती दिवस संयम (वीर्य बाहेर न पडणं) होता? साबण, तेल, लाळ, साधा कंडोम यातलं काही वापरलं का? गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का?

पायवाट७:
घरून आणला, गाडीच्या डिकीत ठेवून. सव्वा तास तरी लागला असेल. संयम दहा दिवस. ताप नव्हता. आणि हो, केस गळतात म्हणून फिनास्टेराइड १ मिग्रॅ चालू आहे, त्याचा काही संबंध नसेल ना?

स्लाइड_क्र_४:
घ्या! दहा दिवसांत जुने शुक्राणू साचतात, संख्या फुगते आणि हालचाल पडते. त्यात डिकीतला सव्वा तास. हा रिपोर्ट धरून औषध बदलू नका, तपासणी पुन्हा करा. संयम २ ते ७ दिवस, नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरूनच आणायचा तर लॅबने दिलेल्या डबीत, शर्टाच्या आत अंगाच्या ऊबेला धरून, अर्ध्या तासात, फार तर तासाभरात. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, तिथे सांगा. सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. हालचाल पुन्हा ४० टक्क्यांखाली आली तर न हलणाऱ्यांत जिवंत किती तेही पाहायला सांगा.

खलबत्ता:
फिनास्टेराइडचा संबंध आहे. वीर्याचं प्रमाण कमी होतं, आणि ज्यांची गाडी आधीच काठावर आहे त्यांच्यात संख्याही घसरते. बंद केल्यावर काही महिन्यांत सुधारते. ही गोळी लिहून देणाऱ्याला सांगून थांबवा, ती बीपीच्या गोळीपेक्षा आधी जायला हवी. याच जातीचं ड्युटास्टेराइड असतं तर जास्त थांबावं लागलं असतं, ते शरीरात फार रेंगाळतं. जिममधलं कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर कानांवर हात ठेवा; त्याने शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं.

जोडनळी:
दोघांच्या बोलण्यात एक भर. यूरोलॉजिस्टकडून हाताने तपासणी करून घ्या, व्हेरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा) चुकवू नका. वजन, साखर आणि झोपेतलं घोरणंही पाहा. वाढलेलं बीपी आणि खराब वीर्य यांचं मूळ कधीकधी तिथेच असतं.

बीपीच्या डॉक्टरांना नुसतं "गोळी बदला" म्हणू नका. विचारा, "अटेनोलोल मला कशासाठी दिलं होतं?" धडधड, मायग्रेन किंवा हृदयाचं कारण असेल तर ते राहू द्यावं लागेल. नुसत्या बीपीसाठी असेल तर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन चालेल का विचारा. या गटाने पुरुषांच्या शरीरसंबंधांवर फारसा वाईट परिणाम होत नाही. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम तपासतात. बदलाच्या काळात घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा: पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीवर, मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना कळवा.

पायवाट७:
पण टेल्मिसार्टनच्या पाकिटावर गरोदरपणात घेऊ नये असं लिहिलेलं असतं. मग मूल हवं असताना मी कशी घ्यायची?

जोडनळी:
ती सूचना गोळी घेणाऱ्या बाईसाठी आहे. आईने घेतली तर गर्भाच्या मूत्रपिंडांना धोका असतो. वडिलांच्या गोळीला ती लागू होत नाही. फक्त घरात एकमेकांच्या डब्यातली बीपीची गोळी घ्यायची सवय असेल तर ती आजच मोडा.