झाडाला ‘हूज’ का चालू नये?

जुनावाचक: काल इथे एकांनी ठणकावलं की इंग्रजीत ‘हूज’ (whose, म्हणजे ‘ज्याचा’) फक्त माणसांना, वस्तूंना ‘ऑफ व्हिच’च (of which), बाकी सगळं बिघडलेलं इंग्रजी. राहवलं नाही म्हणून लिहितो. इंग्रज कवी मिल्टनचं महाकाव्य ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७चं. पहिल्याच वाक्यात निषिद्ध झाड येतं, आणि त्याच्या फळाच्या चवीसाठी शब्द आहेत ‘हूज मॉर्टल टेस्ट’, म्हणजे ‘ज्याची जीवघेणी चव’. मिल्टनचं इंग्रजी बिघडलेलं? जुन्या इंग्रजीत ‘कोण’ आणि ‘काय’ दोन्हींची षष्ठी एकच होती, तिचाच हा वंशज. आठवीत मी घराच्या छपराला ‘हूज’ लावला, तर बाईंनी लाल रेघ मारून वही वर्गासमोर धरली होती. अजून विसरलो नाही.

माजीशिक्षिका: कवितेत वृत्तासाठी सगळं खपतं. इंग्रज व्याकरणकार लाउथने १७६२च्या व्याकरणात हा वापर अयोग्य म्हटलाय. तीस वर्षं शिकवलंय मी, मार्क मुलांचे जातात, मिल्टनचे नाही.

जुनावाचक: मग गद्य घ्या. १६११चं बायबल, बाबेलचा मनोरा: ‘हूज टॉप’, ‘ज्याचं टोक’. आणि लाउथनेही ‘मला वाटतं’ असंच म्हटलंय. त्याच्या मताचा नियम तुम्ही लोकांनी केलात. १९२६ साली इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने तर ही बंदीच बंद करा म्हणून लिहिलं.

शुद्धमराठी: इंग्रजीचं इंग्रज बघतील. या ‘हूज’ने मराठी नासवली त्याचं काय? ‘ते घर, ज्याचं छप्पर उडालं आहे’! अरे, ‘छप्पर उडालेलं घर’ म्हणा. नाहीतर ‘ज्या घराचं छप्पर उडालं, ते’. रोजचा पेपर वाचवत नाही.

रात्रपाळी: तुम्हाला बोलायला काय जातं? मी भाषांतरावर घर चालवते. संध्याकाळी चाळीस पानं येतात, सकाळी हवी असतात. वाक्य उलटंपालटं करायला वेळ कोण देतं?

शुद्धमराठी: वेळ नाही म्हणून भाषेचा गळा घोटायचा?

रात्रपाळी: एक रात्र माझ्या जागी बसा, मग गळ्याच्या गोष्टी करा. आणि ‘ज्याचं’ माझी आजीही बोलायची. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ काय इंग्रजीतून आलं?

शुद्धमराठी: त्यात ‘ज्याचं’ आधी येतं आणि ‘त्याला’ जोडीला आहे. माझी तक्रार वाक्याला मागून शेपूट लावण्याची आहे. पण चाळीस पानं एका रात्रीत, हे अन्यायाचंच आहे. तेवढं मान्य.

माजीशिक्षिका: मूळ विषयावर येते. बायबल गद्य आहे, तिथे माझं म्हणणं टिकत नाही. पण ‘ऑफ व्हिच’ही चूक नाही, तेही लिहा. यापुढे ‘हूज’वर रेघ मारणार नाही. वही मात्र मी कधीच कुणाची वर्गासमोर धरली नाही.