नवा ट्रॅक्टर आणि 'नवीन आहे, बसेल': तुमचेही अनुभव लिहा

काळीमाती:
शेजारच्या पोराने आज नव्या ट्रॅक्टरचा फोटो पाठवला. म्हणजे ट्रॅक्टरचा नाही, त्याच्या खाली पडलेल्या तेलाच्या डागाचा. सोबत एवढंच, "काका, हे चालतं का?" आमचं जुनं दुखणं वर आलं.
आमच्या नव्याकोऱ्याची लिफ्ट वर राहायचीच नाही. नांगर उचलून इंजिन बंद करा, हातपाय धुऊन या, तोवर फाळ जमिनीला टेकलेला. शोरूमवाले म्हणायचे, नवीन आहे, बसेल. बसायचा की, रोज बसायचा, नांगर! शेवटी बाहेरच्या मेकॅनिकने उघडलं तर लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग कापलेली. जोडतानाच कापली असणार, कारण त्याआधी ते कुणी खोललंच नव्हतं. रबराची एक कडी, आणि पेरणी सगळ्या गावामागून. रंग मात्र असा की तोंड पाहून घ्यावं.
लिहा तुम्हीही. एकट्यानेच किती चडफडायचं?

बांधावरून:
"रोज बसायचा, नांगर" हाहाहा. काका, मेलो.

उसाचापाला:
आमचं सेल्फ, किल्ली फिरवली तरी इंजिन सुरूच होईना. रोज सकाळी. उतारावर लावून ठेवायचो. बाकीचं नंतर, मोटर बंद करायची आहे.

रानजाई:
आमचा चालता चालता बंद पडायचा. मेकॅनिक येणार, हवा काढणार, चालू करून देणार, तो फाटकाबाहेर गेला की पुन्हा ठप्प. डिझेलचा थेंबही गळत नव्हता, त्यामुळे पाइपावर कुणाचा संशयच जाईना. सासरे म्हणाले, टाकी ते फीड पंप एवढाच पाइप बघा, तिथे पंप ओढत असतो, डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बोल्टखालचा तांब्याचा वॉशर तिरका बसला होता! आणि इतके दिवस डिझेलमध्ये भेसळ म्हणून आम्हालाच ऐकवत होते.

बांधावरून:
ताई, पाय कसा आहे आता?

रानजाई:
प्लास्टर निघालं. क्लच अजून दाबवत नाही.

गिअरतेल:
थोडं उलटं बोलतो, रागावू नका. 'बसेल' हे दरवेळी खोटं नसतं. नवा गिअर घट्ट पडतो तो सुटतो. सुरुवातीच्या तासांत लोखंडाचा बारीक कीस तेलात उतरतो, म्हणून तर पहिलं सर्व्हिसिंग बहुतेक ठिकाणी 50 तासांना असतं. तोवर फार ताणू नये आणि नुसता उभा घरघरतही ठेवू नये. चाकांचे नट मात्र पहिल्याच दिवसांत पुन्हा आवळायचे. पण गळणारं सील, उतरणारी लिफ्ट, चार्जिंग न होणारी बॅटरी, ही कधीच बसत नाहीत.

काळीमाती:
@गिअरतेल, हेच त्या पोराला वाचून दाखवलं.

उसाचापाला:
आलो. तर सेल्फ. बॅटरी बदलून दिली, तरी तेच. अर्थिंगची पट्टी चक्क रंगावर आवळलेली! रंग खरवडला, एका किल्लीत सुरू. रंगावर एवढं प्रेम असलेली कंपनी मी पाहिली नाही.

पाटपाणी:
आमची तक्रार ताकदीची. 45 एचपी म्हणून घेतला, रोटाव्हेटरला धापा टाकतो.

गिअरतेल:
ती इंजिनची एचपी. पीटीओला, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, त्याहून कमीच मिळते, 38-39 धरा. माहितीपत्रकात पीटीओ एचपीची ओळ वेगळी असते. आणि पीटीओचे मिनिटाला 540 फेरे इंजिनच्या ठरावीक आरपीएमलाच मिळतात, त्याखाली चालवलात तर दम लागणारच.

पाटपाणी:
ती ओळ विकताना कुणी वाचून दाखवत नाही.

जुनाखोंड:
आमचा पुढून उचलायचा. पुढे वजनं लावली तेव्हा थांबला. पूर्वी नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटून माणसं दबायची. हॅरी फर्ग्युसनने 1926 ला पेटंट घेतलेल्या तीन दांड्यांच्या जोडणीने ते बरंच टळलं. म्हणून सांगतो, नांगर टॉपलिंक म्हणजे वरचा दांडा आणि खालचे दोन, या तिन्हींनाच जोडा, ओढायला साखळी उंच बांधू नका. विषयांतर झालं, असू द्या.

बांधावरून:
आजोबा सुरू झाले की इतिहास आलाच.

रानजाई:
एक राहिलं. तक्रार द्याल तेव्हा जॉबकार्डावर, म्हणजे शोरूमच्या दुरुस्तीच्या नोंदीवर, अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं तो) आकडा आणि दोष तुमच्या शब्दांत लिहायला लावा. आमच्या प्रत्येक कार्डावर 'जनरल चेकअप' एवढंच. वॉरंटीचा विषय निघाला तेव्हा म्हणे, बंद पडल्याची नोंदच नाही.

उसाचापाला:
माझ्यापण!! आत्ताच कपाट उघडून बघितलं.

काळीमाती:
पोराचा फोन आला. डाग पुढच्या एक्सलच्या सीलखाली आहे. उद्या घेऊन जातोय, कार्डावर काय लिहायचं ते मी सांगून ठेवलंय.

पाटपाणी:
रोटाव्हेटर लहान घ्यावा का मग? सांगा कुणीतरी.