वृक्षनेच्याची पानं करपतायत, शेंडा छाटू का?

फोंड्याची_परसबाग
नमस्कार मंडळी. गेल्या चवथीच्या आधी एका नर्सरीतून वृक्षनेचा आणलेला, ट्री फर्न म्हणूनच दिला त्यांनी, खोड तेव्हाच हातभर होतं. पावसात इतका सुंदर वाढला की येणारा प्रत्येकजण फोटो काढायचा. घराच्या पश्चिमेला चिऱ्यांच्या गडग्याजवळ लावलाय. फेब्रुवारी संपला आणि पानांची टोकं करपायला लागली, आता खालची चार पानं पूर्ण तपकिरी होऊन लोंबतायत. रोज संध्याकाळी बुंध्यात बादलीभर पाणी घालते तरी हे असं. शेजारचे काका म्हणतात शेंडा छाट, जास्वंदीसारखे खालून फुटवे येतील. छाटू का? की खत कमी पडतंय? आईने हौसेने आणलाय, जगायला हवा हो.

कुळागरातला
ताई, शेंडा अजिबात छाटू नका!! जास्वंदीला फांदीवर डोळे असतात, ह्याला वाढीचं टोक एकच, वर मधोमध, सगळी पानं तिथूनच निघतात. सोंड्या भुंग्याने कोंब खाल्ला की माड जातो ना, अगदी तसंच. आधी पानांच्या मध्ये बोट घालून हळूच दाबून बघा, आत तपकिरी खवल्यांत गुंडाळलेले कोंब असतात, बाळाच्या मुठीसारखे. घट्ट लागले तर झाड ठणठणीत आहे, मऊ लागले आणि कुजका वास आला तर मात्र कठीण. हातमोजे घालूनच करा, ते खवले आणि केस कातडीला खाजतात, डोळ्यात गेले तर फार त्रास होतो.

आता पाण्याचं. तुम्ही जमिनीला पाणी घालताय पण तहान खोडाला लागलीय. आमच्याकडचा एक नेचा वादळात पडला तेव्हा त्याचं खोड आडवं कापून पाहिलेलं, बाहेर काळ्या तारांसारख्या मुळांचा काथ्यासारखा जाड थर, आत पांढरट गर आणि त्यात नागमोडी काळे पट्टे, लाकूड असं नाहीच. आंब्या-फणसाचं खोड आतून जाड होत जातं तसं ह्याचं होत नाही, बुंधा जाड दिसतो तो ह्या मुळांमुळेच. ती मुळं सुकली की पानांची टोकं करपणारच. म्हणून पाणी वरून, खोड निथळेल असं, सकाळ-संध्याकाळ. खोडाला नारळाची सोडणं बांधून ती ओली ठेवलीत तर आणखी बरं.

आणि जागा! पश्चिमेचं ऊन, त्यात चिरे संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेले असतात. आत्ता उपटून हलवू नका, माडाच्या चुडतांचा मांडव घाला, पाऊस लागला की हलवा. आमचा पोफळींत पाटाच्या कडेला आहे, एप्रिलमध्येसुद्धा हिरवागार असतो.

सांगेकर_७७
पण मी व्हिडिओत पाहिलंय, खोड करवतीने कापतात, नुसतं जमिनीत रोवतात आणि वर नवी पानं येतात. मग छाटल्यावर मरतं कसं?

नेचे_आणि_शेवाळं
सांगेकर, तो बहुतेक डिक्सोनिया अंटार्क्टिका नावाचा वृक्षनेचा असणार, टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियातला. त्यात शेंड्यासकट वरचा भाग रोवतात, खोडावरच्या मुळांतून तो परत धरतो, खाली राहिलेला बुडखा मरतोच. म्हणजे शेंडा तिथेही शाबूत ठेवावाच लागतो. शिवाय तो थंड हवेतला, आपल्या मे महिन्यात त्याचे हाल होतील. ताईंचा सायथिया, म्हणजे वृक्षनेच्यांच्या दुसऱ्या गटातला, असावा. देठाच्या बुडाशी बघा, चपटे कागदासारखे खवले असतील तर सायथिया, नुसते मऊ केस असतील तर डिक्सोनिया. आपल्या पश्चिम घाटात सायथिया जायगँटिया आहे, त्याचे देठ काळे चकचकीत असतात, पाहिला की विसरत नाही माणूस.

खताचं म्हणाल तर आत्ता रासायनिक काहीही नको, तहानलेल्या मुळांना मिठाचा मारा होतो. पाऊस सुरू झाल्यावर कुजलेला पालापाचोळा आणि थोडं जुनं शेणखत पुरे.

फोंड्याची_परसबाग
बोट घालून बघितलं, कोंब घट्ट आहेत, तीन!! देठाला खवले आहेत. मांडव आजच घातला. अजून एक रोप हवंय, सत्तरीच्या बाजूला जंगलात असतात असं ऐकलंय, कोणी आणून देईल का?

नेचे_आणि_शेवाळं
जंगलातून नको हो, कळकळीने सांगतो. अभयारण्यातून उपटणं गुन्हा आहेच, पण हातभर खोड व्हायला कित्येक वर्षं जातात. सायथिया सायटीस ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे ते उगाच नाही. बीजाणूंपासून करा. पानाच्या पाठीवर गोल ठिपके तपकिरी झाले की तेवढा तुकडा कोऱ्या कागदाच्या पाकिटात दोन दिवस ठेवा, खाली बारीक भुकटी पडते, तेच बीजाणू. कोकोपीटवर उकळतं पाणी ओता, पूर्ण गार झालं की भुकटी भुरभुरवा, डब्याला झाकण लावून सावलीच्या उजेडात ठेवा. काही आठवड्यांनी हिरवी साय धरते, मग नखापेक्षा लहान बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसतात. तेव्हा उकळून गार केलेलं पाणी फवारत राहा, कारण ह्या पापुद्र्यांवरची पुंबीजं, म्हणजे नर पेशी, पाण्यातून पोहूनच अंडपेशीपर्यंत जातात, कोरडं पडलं की रोप होतच नाही. त्यानंतर काही महिन्यांनी पहिलं इवलंसं पान येतं.

कुळागरातला
ताई, आमच्या नेच्याच्या पाठीवर ठिपके आता पिकत आलेत. पाकीट भरून ठेवतो, फोंड्याच्या बाजारात येईन तेव्हा देतो.