आयसीयूत टाकलंय आणि फार्माकॉलॉजी (औषधांचा विषय) कच्ची आहे. काय वाचू?

खानापूरची_पोर:
नमस्कार. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दोन वर्षं झाली, जनरल वॉर्डात होते. पंधरा दिवसांपूर्वी बेळगावातच आयसीयूला टाकलंय. हात बसलाय, पण "नॉरअ‍ॅड पॉइंट वनने चालू कर" (बीपी वर आणायचं औषध) म्हटलं की पोटात गोळा येतो. फार्मा पाठ करून पास झालेली मी. पुस्तक, कोर्स, काहीही सुचवा. आणि निम्मे पेशंट कन्नड बोलणारे, ते आणि वेगळंच.

चिकोडी_ब्रदर:
पुस्तक राहू दे की आधी. तुमच्या ट्रॉलीत आहेत तेवढीच औषधं वहीत उतरवा. एकेकाला एक पान: कशासाठी, कशात मिसळायचं, किती वेळात सोडायचं, देण्याआधी काय बघायचं. फेनिटॉइन (फिटचं औषध) फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की साका धरतो, आणि मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या वर नाही. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत कधीच नाही, कुणी कितीही घाई केली तरी.
पंपाचं गणित एकदा हातानं करा. 4 मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड 50 मिलीत, म्हणजे एका मिलीत 80 मायक्रोग्रॅम. पेशंट 60 किलोचा, डोस 0.1, म्हणजे दर किलोला मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला 6, तासाला 360 मायक्रोग्रॅम. भागिले 80, तासाला साडेचार मिली. तुमच्याकडे अ‍ॅम्प्युल किती टाकतात ते मात्र आधी विचारा, प्रत्येक आयसीयूचं वेगळं असतं.

निपाणीची_आक्का:
ब्रदर बरोबर बोलले. मी माझी चूक सांगते, पुस्तकापेक्षा ती लक्षात राहील. पूर्वी एका ठिकाणी नोकरीला होते. लाल टोपणाच्या इन्शुलिन सिरिंजा संपल्या, स्टोअरनं केशरी टोपणाच्या पाठवल्या. बाटली आपली नेहमीची, मिलीला 40 युनिटवाली, लाल सिरिंज तिच्यासाठीच. केशरी सिरिंज मिलीला 100 युनिटवाल्या इन्शुलिनची. तिच्यावर 30 च्या रेघेपर्यंत ओढलं की पोटात जातात 12 युनिट! दोन दिवस शुगर उतरेना, डॉक्टर डोस वाढवत 30 वर गेले. तिसऱ्या दिवशी लाल सिरिंजा आल्या, मी इमानदारीत 30 दिले. दीड तासानं म्हातारा घामानं चिंब, शुगर 46. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज चढवल्यावर डोळे उघडले. हिशोब कुणाचाच चुकला नव्हता बघ, टोपणाचा रंग तेवढा कुणी बघितला नव्हता.
तेव्हापासून इन्शुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम मी दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देत नाही. नवीन पोरी हसतात. हसू देत.

खानापूरची_पोर:
आक्का, अंगावर काटा आला. हेपरिनचं काय असतं?

निपाणीची_आक्का:
5 मिलीचीच बाटली. एकीत 5,000 युनिट, दुसरीत 25,000. लांबून सारखीच दिसते. "एका मिलीत किती" ते वाचायचं, बाटलीवरचा मोठा आकडा नाही.

कॅम्पातली_सिस्टर:
कन्नडचं मी सांगते. "पाटील ना तुम्ही?" असं विचारूच नका. बेळगावात एका वॉर्डात तीन पाटील असतात आणि गुंगीतला माणूस कशालाही मान हलवतो. "निम्म हेसरेन्री?" म्हणा, त्यांच्या तोंडून नाव येऊ दे, मग मनगटावरचा पट्टा बघा. गुळगी म्हणजे गोळी, सूजी म्हणजे इंजेक्शन, एवढ्यावर पहिला आठवडा निघतो.
रात्री फोनवर ऑर्डर आली तर लिहून घ्या आणि डॉक्टरांनाच परत वाचून दाखवा. फिफ्टीन की फिफ्टी कळत नाही, "एक-पाच का सर?" असं विचारायचं. चिडतात काहीजण. चिडू देत.
पुस्तक हवंच असेल तर कॉलेजातलंच काढा, पण रोज ट्रॉलीतलं एकच औषध, ड्युटीवरून आल्यावर.

खानापूरची_पोर:
आज नाईटला कपाट उघडून बघितलं. लाल आणि केशरी एकाच डब्यात होत्या. दोन डबे केले, वर चिकटपट्टी लावून लिहिलं. इनचार्ज सिस्टर काही बोलल्या नाहीत, पण सकाळी जाताना डबा उघडून बघून गेल्या.